ठासणीच्या रायफलीची नळी दुसऱ्या दस्त्यात बसवताना: हॉकन, रेनेगेड आणि त्यांचे भाईबंद

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या रोचेस्टर गावच्या थॉम्प्सन सेंटर कंपनीने १९७० साली ‘हॉकन’ नावाची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) रायफल बाजारात आणली. सेंट लुइसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकन या बंदूककार भावांवरून तिला हे नाव मिळालं. पाठोपाठ त्याच कंपनीची, कमी नटवलेली ‘रेनेगेड’ आली. या दोन्ही रायफली आणि त्यांच्या सुट्या नळ्या तिकडच्या जुन्या मालाच्या बाजारात आजही सहज मिळतात. दस्ता (रायफलीचं लाकडी अंग) एकीकडून आणि नळी दुसरीकडून घेतली, की हमखास प्रश्न येतो: ही नळी याला बसेल का?

पुष्कळदा ती बसल्यासारखी दिसते. पण दिसायला बसणं वेगळं आणि बार काढण्याजोगी बसणं वेगळं. नळीचं वजन, धक्का आणि घोड्याची (चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीची) चोट हे सगळं तीन-चार ठिकाणी पेललं जातं. ती ठिकाणं जुळली नाहीत तर दस्ता चिरतो, नेम भटकतो, आणि चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) रायफलीत तर दारू कळीच्या (बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या) खोबणीत शिरून तिथेच पेटते. म्हणून काम मागून पुढे करायचं: आधी आकडा (नळीच्या बुडाचा हूक), मग कळ, मग लाकूड, आणि पाचर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पाचर ठोकून बसली की नळी बसली असं धरून चालतात, आणि चूक तिथेच होते.

कुठला भाग काय करतो

या रायफलींत नळीचं बूड एका ब्रीच प्लगने (बुडाच्या बुचाने) बंद केलेलं असतं आणि त्या प्लगच्या मागे पोलादी आकडा असतो. दस्त्यात स्क्रूने पक्का केलेला टँग (पोलादी पट्टी) असतो. त्याच्या तोंडाशी असलेल्या खाचेत हा आकडा अडकतो. पुढे नळीच्या पोटाशी एक किंवा दोन लग (भोक असलेले छोटे ठोकळे) असतात. दस्त्याच्या आरपार गेलेली चपटी पाचर लगच्या भोकातून जाते आणि नळीला खाली धरून ठेवते. पाचर काढली, नळीचं तोंड उचललं, की आकडा सुटून नळी हातात येते. नळी बादलीत उभी करून गरम पाण्याने धुता यावी यासाठी ही सोय फार कामाची आहे, आणि नळ्या अदलून-बदलून वापरण्याची कल्पनाही तिच्यातूनच आली.

दारूचा धक्का मागे येतो तो नळीच्या बुडाच्या सपाट चेहऱ्यावरून टँगच्या सपाट चेहऱ्यावर, आणि तिथून दस्त्याच्या लाकडात. आकडा फक्त नळी वर उचलू देत नाही, पाचर फक्त पुढचं टोक धरते. धक्का सोसणं हे दोघांचंही काम नाही. पुढची प्रत्येक तपासणी याच एका गोष्टीभोवती फिरते.

पेनसिल्व्हेनिया धाटणीच्या लांब रायफलींत बहुधा आकडा नसतो. तिथे टँग नळीलाच जोडलेला असतो आणि नळी बारीक पिनांनी दस्त्यात अडकवलेली असते. त्या नळ्या अदलाबदलीसाठी नाहीत. पिना वारंवार काढल्या तर पुढचं पातळ लाकूड फुटतं.

आधी कायदा

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात काळी दारू वापरणारी आणि तयार काडतूस न घेणारी ठासणीची रायफल बहुतांशी ‘अँटिक’ धरली जाते. पण काडतुसाच्या बंदुकीच्या सांगाड्यावर ठासणीची नळी चढवली तर ती सवलत लागू होत नाही. राज्यांचे नियम आणखी निराळे, आणि शिकारीचे तर फारच. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरचा हरणाचा एक हंगाम फक्त चकमकीच्या रायफलीसाठी असतो. केपवाल्या (छोट्या स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) दस्त्याला चकमकीची नळी शोधणारे पुष्कळ जण त्याच कारणाने शोधतात.

भारतात असं काही घरी करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि शस्त्राची दुरुस्ती किंवा बदल करायला वेगळा परवाना लागतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघर असलेल्या ठासणीच्या बंदुकांनाही हेच लागू आहे. तिथे नळीचं कुठलंही काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावं. पुढचं सगळं जिथे हे काम कायदेशीर आहे तिथल्या वाचकांसाठी.

नळी भरलेली नाही ना?

जुनी विकत घेतलेली नळी भरलेली निघणं ही काही अपूर्वाई नाही. गज (ठासायची काठी) नळीत तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. आता तोच गज नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. त्याचं टोक निपलच्या (केप बसवायच्या नळकांडीच्या) किंवा कानाच्या (चकमकीच्या नळीतल्या पेट घेण्याच्या भोकाच्या) जवळपास पोचायला हवं. पाऊण-एक इंच किंवा जास्त अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. कधी तो गंजाचा आणि जुन्या चिंध्यांचा गठ्ठा असतो, कधी दारू आणि गोळी. दोन्ही बाबतीत भरलेली आहे असंच धरा: केप काढलेली, नळीचं तोंड कायम माणसांपासून दूर. निपल काढून तिथून पाणी किंवा पातळ तेल भरपूर सोडा, तासभर मुरू द्या, मग गजाला गोळी उपसायचा स्क्रू लावून गोळी ओढा. दारू भिजली आहे अशी खात्री होईपर्यंत ओढायला घेऊ नका.

मापं

साधं व्हर्नियर पुरेल. अष्टकोनी नळीचं माप समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमध्ये घ्यायचं, कोपऱ्यांवर नाही. बुडाशी एकदा आणि तोंडाशी एकदा घ्या, कारण काही नळ्या पुढे निमुळत्या असतात.

हॉकनची नळी १५/१६ इंच, म्हणजे २३.८ मिमी, आणि लांबी २८ इंच. रेनेगेडची पूर्ण १ इंच, म्हणजे २५.४ मिमी, आणि लांबी २६ इंच. त्याच कंपनीच्या चेरोकी आणि सेनेका या हलक्या रायफलींच्या नळ्या १३/१६ इंचांच्या. त्या या दोघींपैकी कोणाच्याही दस्त्यात घालण्याचा विचार सोडून द्या. लायमनची ‘ग्रेट प्लेन्स’ रायफल इटलीत बनलेली. तिची नळी १५/१६ इंचच, लांबी ३२ इंच. माप हॉकनसारखंच असल्यामुळे माणसं फसतात. लायमनच्या ब्रीचचा आकडा थॉम्प्सन सेंटरच्या टँगसाठी बनलेला नाही.

म्हणून नळीच्या जाडीबरोबर आणखी चार मापं कागदावर लिहून घ्या: आकड्याची रुंदी आणि उंची; बुडाच्या सपाट चेहऱ्यापासून लगच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर; लगची नळीच्या पोटापासूनची उंची; आणि निपलचा फुगीर भाग बुडापासून किती पुढे आणि बाजूला किती बाहेर आहे ते. हीच मापं दस्त्यातल्या मूळ नळीचीही घ्या. दोन रकाने शेजारी ठेवले की निम्मे प्रश्न कानस हातात न घेताच सुटतात. मूळ नळी मिळाली नसेल तर टँगच्या चेहऱ्यापासून दस्त्यातल्या पाचरीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या.

वजनाचाही अंदाज आधी बांधावा. .५० कॅलिबरची (म्हणजे अर्ध्या इंचाच्या भोकाची) १५/१६ इंची, २८ इंच लांब नळी नुसत्या पोलादाची सुमारे ४.२ पौंड भरते. .५० चीच १ इंची, २६ इंच लांब नळी ४.७ पौंड. तीच १ इंची नळी ३२ इंचांची घेतली तर ५.७ पौंड, म्हणजे अडीच किलोच्या वर, आणि वाढलेलं सगळं वजन पुढच्या टोकाला. बाकावर टेकवून मारणाऱ्याला ते आवडेल. दिवसभर डोंगर चढणाऱ्याचा हात भरून येईल.

जुनी नळी काढणे

घोडा अर्ध्या खेचावर ठेवा. तो खाली निपलवर टेकलेला असेल तर नळी उचलली जाणार नाही, आणि जोर केलात तर निपलचं तोंड चेपेल. पाचरीची कुठली बाजू वर होती आणि कुठलं टोक कोणत्या बाजूला होतं याची खूण करा. लाकडी मोगरी आणि पितळी किंवा कठीण लाकडाच्या तुकड्याने तिला बारीक टोकाकडून ठोका. पोलादी पंच वापरला की पाचरीभोवतालच्या पट्टीवर ओरखडे आलेच. दोन पाचरी असल्या तर त्या एकमेकींच्या जागी घालू नका.

नळी तोंडाकडून सावकाश उचला. आकडा सुटला की लगेच पुढे ओढून काढा. नळी फार वर नेली तर आकडा तरफेसारखा टँग उचकटतो आणि टँगच्या कडेचं अक्रोडाचं लाकूड कपचीने निघतं.

आकडा आणि टँग

या कामातला निम्मा वेळ इथे द्यावा.

आकडा आणि टँग हे जोडीने बनवलेले भाग आहेत. दुसऱ्या दस्त्यावरची नळी घेताना तिचा टँग मिळत असेल तर तोही जरूर घ्या. १ इंची दस्त्यात १५/१६ इंची नळी आणि तिचाच टँग बसवला, तर आकड्याचा प्रश्न तिथेच मिटतो. टँगच्या दोन्ही कडांना राहिलेली फट भरण्याचं सुताराचं काम तेवढं उरतं. उलट, अनोळखी टँगमध्ये आकडा जुळवायचा म्हणजे पोलादावर काम.

टँग दस्त्यात पक्का करून नळी वरून तिरकी आणा, आकडा खाचेत सरकवा आणि तोंड खाली न्या. नळी दस्त्यात टेकण्याच्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण इंचात हाताला थोडा घट्टपणा जाणवला पाहिजे. नुसत्या वजनाने खडखडत खाली गेली तर आकडा सैल आहे. दोन इंच वर असतानाच अडली तर तो घट्ट आहे. पाचरीने दाबून खाली आणू नका. तसं केलं तर नळी कायम कमानीसारखी ताणलेली राहते. पाचर थोडी ढिली झाली किंवा नळी तापली की ताण बदलतो आणि नेमही त्याच्याबरोबर बदलतो.

आता दोन सपाट चेहऱ्यांमधली फट बघा. मागे प्रकाश धरून पाहिलं तर उजेडाची रेघ दिसू नये. ०.००२ इंचाचं फीलर गेज पान कुठेही सहज जात असेल तर चेहरे टेकलेले नाहीत. ते टेकलेले नसताना आकडा घट्ट वाटत असेल, तर सगळा धक्का आकड्यावर आणि टँगच्या स्क्रूवर येतो आहे. असं दस्त्याचं लाकूड टँगच्या मागच्या टोकापासून मनगटाच्या (दस्त्याच्या हाताने धरायच्या बारीक भागाच्या) दिशेने चिरत जातं. वरच्या पॉलिशखाली ती चीर पहिल्यांदा केसाएवढी दिसते.

नेमकं कुठे अडतंय ते काजळी सांगते. मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून आकड्यावर आणि बुडाच्या चेहऱ्यावर काजळी पातळ चढवा. नळी बसवा, मोगरीने हलकी थाप द्या, परत काढा. टँगवर जिथे काळा डाग उमटला तिथेच पोलाद पोलादाला लागतं आहे. बारीक दाताच्या सुई-कानसने त्या डागावर फक्त दोन-तीन हात मारा, पुसा, पुन्हा काजळी, पुन्हा बसवणे. डाग एका कोपऱ्यातून पसरत पसरत चेहऱ्याच्या बऱ्याचशा भागावर आला की थांबा. कानस नेहमी टँगवरच चालवा, नळीच्या प्लगवर नाही. टँग बिघडला तर दुसरा मिळतो. प्लग हा दारूचा दाब अडवणारा भाग आहे.

आकडा सैल असेल तर तो ठोकून पसरवण्याचा सल्ला काही जण देतात. तो घेऊ नये. ठोकलेलं पोलाद एका कडेवर टेकतं आणि थोड्याच बारांत पुन्हा सैल होतं. ०.००२ ते ०.००५ इंचांची पितळी पत्रीची पट्टी टँगच्या खाचेत चिकटवणं बरं. जास्त जाडीची गरज भासत असेल तर तो टँग त्या आकड्याचा नाहीच, दुसरा शोधा.

आणि ब्रीच प्लग उघडायचा नाही. आत काय आहे बघावं, प्लग बदलून दुसऱ्याचा आकडा लावावा, असे विचार मनात आले तरी नाही. तो कारखान्यात ठरलेल्या ताणाने आवळलेला असतो. परत लावताना सपाट बाजू जुळल्या नाहीत की घोड्यासमोर निपल तिरकं येतं, आणि जुळवण्यासाठी मागे फिरवला की आत दारू साठायला फट तयार होते.

कळ, घोडा आणि निपल

केपच्या रायफलीत निपल धरणारा फुगीर भाग कळीच्या पाट्यातल्या अर्धगोल खाचेत बसतो. कळ काढून ठेवून नळी बसवा, मग कळ हाताने आत सरकवा. ती स्क्रू न लावता लाकडात पूर्ण टेकली पाहिजे. स्क्रू आवळूनच बसत असेल तर पाटा फुगीर भागावर रेटला जातो आहे. आतली हालचाल जखडते आणि घोडा अर्ध्यातच मंदावतो. इथेही काजळी लावून बघा आणि घासायचंच झालं तर पाट्याची खाच घासा.

घोड्याचा पेला निपलवर कसा उतरतो ते आता बघा. पेल्यात साबणाचा पातळ थर भरा, अंगठ्याने धरून घोडा हळूच निपलवर टेकवा आणि उचला. साबणावर निपलच्या तोंडाची पूर्ण गोल खूण मधोमध उमटली तर उत्तम. अर्धचंद्र उमटला तर घोडा तिरका पडतो आहे. केप कधी फुटेल, कधी नाही, आणि फुटलेले तुकडे बाजूने उडतील. निपल एखाद-दुसऱ्या चकतीने वरखाली करता येतं, पण बाजूचा फरक घोडा तापवून वाकवल्याशिवाय जात नाही. ते काम बंदूककाराचं.

निपलच्या आट्यांवर विशेष लक्ष द्या. थॉम्प्सन सेंटरचं निपल १/४ इंच व्यासाचं, इंचाला २८ आट्यांचं. स्पेनमध्ये बनलेल्या सीव्हीए आणि ट्रॅडिशन्सच्या रायफलींत ते ६ मिमी व्यासाचं, १ मिमी पिळाचं. १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी, म्हणून ६ मिमीचं निपल थॉम्प्सन सेंटरच्या नळीत सुरुवातीला सहज फिरतं आणि आवळल्यासारखंही वाटतं. आटे मात्र नुसत्या टोकांवर धरलेले असतात. असं निपल बाराच्या दाबाने मागे उडू शकतं, आणि मागे मारणाऱ्याचा चेहरा असतो. नळी कोणाची हे नक्की माहीत नसेल तर निपल काढा, मापा, आणि हाताने पाच-सहा फेरे मोकळं फिरतं का ते पाहूनच आवळा.

चकमकीची नळी असेल तर

केपच्या नळीत चालून जाणारी तडजोड इथे चालत नाही. १५/१६ इंची नळी १ इंची दस्त्यात मधोमध ठेवली तर तिची बाजू कळीपासून १/३२ इंच, म्हणजे सुमारे ०.८ मिमी आत जाते. रंजकदाणी (रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, ठेवायची वाटी) आणि नळी यांच्यात तेवढी फट पडते. रंजक त्या फटीतून कळीच्या मागे गळतं. पहिल्या बाराला काही कळत नाही. पाचव्या-सहाव्या बाराला आत साठलेली भुकटी पेटते आणि कळीच्या खोबणीतलं लाकूड आतून जळतं. फटीत साधा कागदही जाता कामा नये. उपाय नळी कळीच्या बाजूला सरकवणं हा नाही, कारण मग आकडा तिरका होतो. त्या जाडीची नळी घेणं हाच उपाय.

कानाची उंचीही बघा. रंजकदाणी बंद केल्यावर कान तिच्या वरच्या कडेच्या रेषेत यावा. फार खाली असला तर रंजक कानात भरून वातीसारखं जळत आत जातं आणि बार उशिरा होतो. फार वर असला तर ज्योत पोचत नाही. केपच्या दस्त्यावर चकमकीची नळी लावायची तर कळही चकमकीचीच लागते, आणि तिचा पाटा जुन्या खोबणीत जसाच्या तसा बसेल असं धरून चालू नये.

लाकूड

१ इंची नळी १५/१६ इंची दस्त्यात घालायची तर खोबणीच्या दोन्ही भिंतींतून १/३२ इंच लाकूड काढावं लागतं. हॉकनच्या दस्त्याला तेवढं अंग असतं, पण टँगचं घर, कळीची खोबण आणि पुढची टोपी हे सगळंच रुंदावावं लागतं. खर्च आणि वेळ पाहता हा व्यवहार परवडत नाही. मोठ्या नळीसाठी मोठा दस्ता घ्या.

उलट प्रकार, म्हणजे लहान नळी मोठ्या दस्त्यात, नीट करता येतो. दोन्ही बाजूंना ०.८ मिमी फट राहते. अक्रोडाचं तेवढ्याच जाडीचं व्हिनियर खोबणीच्या भिंतींना आणि तळाला चिकटवता येतं. पण बुडाशी, टँगच्या पुढच्या दोन-तीन इंचांत, इपॉक्सी बेडिंग (राळेचं मिश्रण भरून नळीच्या मापाची बैठक करणं) जास्त टिकतं. ब्राउनेल्सचं अ‍ॅक्राग्लास यासाठी चालतं. त्याच्या पातळ प्रकारात चार भाग राळेला एक भाग कठीणक आणि जेल प्रकारात दोन्ही समान. हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर मिश्रण आठवडाभर चिकटच राहतं.

बेडिंग करताना नळी कायमची चिकटून बसणं ही सगळ्यात महागडी चूक. नळीला, टँगला, आकड्याला आणि स्क्रूंना मेणाचे दोन हात द्या, मधे सुकू द्या. लगभोवतीच्या, निपलच्या फुगीर भागाखालच्या आणि आकड्याच्या सगळ्या पोकळ जागा मुलांच्या मातकामाच्या चिकणमातीने बुजवा. मिश्रण तिथे शिरून गोठलं की मेण असूनही नळी निघत नाही, कारण ती चिकटलेली नसून अडकलेली असते. नळी जागेवर ठेवा, पाचर फक्त बोटाने सरकवा, आणि २४ तास हात लावू नका. मोगरीने पाचर ठोकून घट्ट केलीत तर वाकलेल्या नळीचाच साचा तयार होईल.

कापलेल्या प्रत्येक उघड्या लाकडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या, विशेषतः खोबणीत. तिथलं कोरं लाकूड पावसाळी हवेत फुगतं आणि नळीला बाजूने रेटतं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून फेकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवूनच टाका.

पाचर आणि लग

आता पाचरीकडे वळता येतं. रेनेगेडच्या दस्त्याला एक पाचर असते, हॉकनच्या दस्त्याला एक किंवा दोन. नळीवरचा लग दस्त्यातल्या भोकासमोर आला नाही तर दस्त्यातलं भोक लांबवण्याचा मोह टाळा. लाकडातलं भोक हे पाचरीचं आधारस्थान आहे. ते ढिलं झालं की पाचर कायमची ढिली. लगमधलं भोक कानसने थोडं लांबवा, किंवा लग हलवा. लग हलवताना नळीच्या पोटाला स्क्रूचं भोक पाडावं लागलं तर भिंतीची जाडी आधी मोजा. .५० ची १५/१६ इंची नळी: सुमारे ०.२१९ इंच. .५४ ची त्याच जाडीची: ०.१९९ इंच. राइफलिंगची (नळीच्या आतल्या पीळदार खाचांची) खोली त्यातून आणखी वजा होते. भोक ०.१०० इंचापेक्षा खोल जाऊ नये, आणि तळ सपाट असावा. ड्रिलला थांबा न लावता हे काम कोणीही करू नये.

लगमधलं भोक लांबीच्या दिशेने पाचरीपेक्षा १/१६ इंच तरी मोठं असावं. २८ इंचांची पोलादी नळी ५० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे ०.४ मिमी लांबते. लाकूड मात्र तसं वाढत नाही. लगला सरकायला जागा नसेल तर नळी दस्त्याला पुढे ओढते आणि बार चढत जातील तशा गोळ्या एका रेषेत वर किंवा खाली सरकतात. बऱ्याच जणांना ही दारूची चूक वाटते.

पाचर अंगठ्याच्या जोराने तीन-चतुर्थांश जावी आणि मोगरीच्या एक-दोन हलक्या थापांनी पूर्ण बसावी. सैल असेल तर व्हाइसमध्ये धरून तिला अगदी किंचित कमान द्या. जास्त घट्ट असेल तर पाचर घासा, लग नाही.

गज, पट्टी आणि माशी

या नळ्यांवर गजाची पट्टी नळीलाच स्क्रूने लावलेली असते, त्यामुळे ती नळीबरोबर येते. दस्त्याच्या तोंडातलं गजाचं भोक तिच्याशी एका रेषेत आहे ना एवढं बघा. ३२ इंची नळीला २८ इंचीचा गज पुरत नाही. ३/८ इंची गज .४५ आणि त्याहून मोठ्या कॅलिबरला चालतो, .४५ हून लहान कॅलिबरला ५/१६ इंची घ्या.

गजावरची जुनी खूण पुसून टाका. ती दुसऱ्या नळीची आहे. नळीची लांबी आणि ब्रीचचा आतला आकार बदलला की गोळी दारूवर टेकल्याची खूण बदलते. चुकीच्या खुणेवर विसंबून गोळी वर राहिली तर मधल्या पोकळीमुळे नळी फुगू शकते.

माशी (पुढचा साइट) आणि मागचा साइट यांच्यात २० इंच अंतर असेल, तर माशी ०.०१० इंचाने कमी-जास्त केल्यास ५० यार्डांवर गोळी सुमारे ०.९ इंच सरकते. माशी घासली की गोळी वर जाते. म्हणून आधी माशी उंच ठेवा आणि मैदानावर जाऊन थोडी थोडी घासा.

पहिले बार

नळीचा पीळ पाहून गोळी निवडा. ४८ इंचांत एक फेरा हा थॉम्प्सन सेंटरचा मधला पीळ गोल गोळीही चालवतो आणि लांबट गोळीही. ६० ते ७० इंचांचा संथ पीळ गोल गोळीसाठी, २८ ते ३२ इंचांचा जलद पीळ लांबट गोळीसाठी.

आधी नुसत्या केप उडवून घोडा आणि निपल तपासा. नंतर .५० ला ५० ग्रेन एफएफजी (मध्यम दाण्याची) काळी दारू, .४९० इंची गोळी आणि ०.०१५ इंच जाड सुती चिंधी, एवढ्यावरच सुरू करा. धूरविरहित दारू या रायफलींत कधीही, कितीही थोडी, घालायची नाही. सर्वाधिक भार नळी बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतून घ्या, दस्ता बनवणाऱ्याच्या नाही. दाब नळी सोसते. पहिला बार रायफल टेकणीला बांधून, चापाला लांब दोरी लावून काढा.

पाच बारांनंतर केपची उरलेली टरफलं काढा, रायफल रिकामी असल्याची खात्री करा आणि नळी उतरवून दस्ता उजेडात बघा. टँगच्या मागे, कळीच्या खोबणीच्या कडांवर आणि पाचरीच्या भोकांभोवती नव्या रेघा आहेत का? बुडाच्या चेहऱ्यावर चकाकणारी जागा एकाच कोपऱ्यात असेल तर काजळीकडे परत जा. पाचर हाताने निघत असेल तर तिला थोडी कमान द्या. यांपैकी काही नसेल तर २५ यार्डांवर नेम बसवा, मग ५० वर.

प्रत्येक नळीसाठी तिची पाचर, तिचा गज, तिचं निपल आणि साइटच्या जागेची टीप वेगळ्या पिशवीत ठेवा. न वापरातली नळी धुऊन, पूर्ण कोरडी करून, आतून-बाहेरून तेलाचा हात देऊन तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे जादा तेल निपलच्या वाटेत न साचता तोंडातून निथळतं. पुन्हा वापरण्याआधी कोरडी चिंधी फिरवून एक-दोन केप उडवा. वाट मोकळी झाली की मगच दारू घाला.